नाना नावाच्या बाई

आमच्या घरात ‘नाना’ म्हणजे वडील. खान्देशात हे वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्येक गल्लीत एक नाना, एक आप्पा, एक आबा आणि एक जिभाऊ असतोच, आणि बहुतेक वेळा चौघंही एकाच ओट्यावर बसलेले असतात. त्यामुळे बापूने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, “ताई, आज इकडे नाना उपराष्ट्राध्यक्ष झाल्या,” तेव्हा वांगं सोलता सोलता आईचा हात थांबला. म्हणाली, “झाल्या काय रे? झाले म्हण.”

“मावशी, बाई आहे ती. बाईचंच नाव नाना.”

७ जानेवारी २०२५ ची गोष्ट, मंगळवारची. अमळनेर तालुक्यात आमचं गाव आहे आणि गावाबाहेर नानांच्या माघारी उरलेली अडीच एकर आहे. जानेवारीत तिथे एकदा तरी भरीत पार्टी व्हायलाच हवी, नाहीतर हिवाळा वाया गेला असं आमच्याकडे धरतात. शाळा सुटल्यावर मी थेट शेतात गेले होते. कापसाच्या काड्यांचा जाळ केला होता. हिरवी, हातभर नसली तरी वीतभर तरी नक्कीच, अशी वांगी त्यात टाकलेली. ती बाहेरून काळी ठिक्कर पडली आणि देठाजवळ पाणी सुटायला लागलं की काढायची. साल गरम असतानाच निघते, गार झाली की चिकटते. म्हणून आई आणि मावसबहीण फुंकर घालत, बोटं पाण्यात बुडवत सोलत होत्या. पुढचं काम बडगीचं, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्याचं. ज्यांनी मिक्सरमध्ये भरीत केलेलं खाल्लंय त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांची कीव करते.

बापू म्हणजे माझा मावसभाऊ, सोबत वांगी सोलत बसलेल्या मावसबहिणीचा धाकटा भाऊ. घानातल्या टेमा या बंदराच्या गावी पाइपच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. ७ जानेवारीला तिकडे सुट्टी असते. चार वर्षांनी नवा राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो तोही याच तारखेला. आपल्यात आणि त्यांच्यात साडेपाच तासांचं अंतर. तिकडे ऐन दुपार, टीव्ही चालू, आणि टीव्हीवर अक्राच्या समुद्रकाठच्या मोठ्या चौकातली गर्दी. त्याने मोबाइल टीव्हीसमोर धरला. शपथ घेणारी बाई. शपथ देणारीसुद्धा बाईच, तिथल्या तेव्हाच्या सरन्यायाधीश गर्ट्रूड टोर्कोर्नू. शपथ घेणाऱ्या म्हणजे प्रोफेसर जेन नाना ओपोकु-अग्येमांग, घानाच्या पहिल्या महिला उपराष्ट्राध्यक्ष, वय ७३.

आई म्हणाली, “माझ्याहून तीन वर्षांनी मोठी.” आणि पुन्हा वांग्याकडे वळली.

मला मात्र ते नाव चिकटलं. बापूने दुसऱ्या दिवशी त्याच्या घानाच्या सहकाऱ्याला विचारून कळवलं, की तिकडच्या अकान भाषेत ‘नाना’ हा आजीआजोबांना, गावच्या मुख्याला, वडीलधाऱ्या माणसाला आदराने लावायचा शब्द आहे, आणि तो बाईलाही चालतो, पुरुषालाही. म्हणजे अर्थ जवळजवळ आपलाच. फरक एवढाच, की आपल्याकडे ‘नाना’ म्हटलं की टोपी आणि धोतरच डोळ्यांपुढे येतं. ‘ओपोकु-अग्येमांग’ हे आडनाव माझ्या जिभेवरून तीनदा घसरलं, म्हणून या लेखात मी त्यांना नानाबाई म्हणणार आहे. आपल्याकडे शाळेत शिकवणारीला ‘बाई’ म्हणतात, त्याही अर्थाने हे नाव बसतं. कारण ही बाई मुळातली मास्तरीण आहे.

त्यानंतर दोनेक महिने, पेपर तपासून झाले की रात्री मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत बसायची. मी प्रशासनाची अभ्यासक वगैरे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पण एका मास्तरणीने दुसरीकडे कसं बघावं, तसं बघितलं. म्हणजे थोडं कौतुकाने, थोडं हेव्याने, आणि एका बाबतीत रागाने. त्या रागाकडे येतेच.

नानाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १९५१ चा, केप कोस्टचा. तेव्हा घाना नावाचा देशच नव्हता. इंग्रज त्याला गोल्ड कोस्ट म्हणत, आणि १८७७ पर्यंत त्यांचा कारभार याच केप कोस्टमधून चालायचा. समुद्राच्या अगदी काठावर तिथे पांढरा धुवट किल्ला आहे. त्याच्या तळघरांत गुलाम कोंडून ठेवत, आणि एका अरुंद दारातून जहाजावर चढवत. त्या दाराला आज ‘परत न येण्याचं दार’ म्हणतात. अशा गावात जी मुलगी वाढते, तिला इतिहास पुस्तकातून शिकावा लागत नसेल. ६ मार्च १९५७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. आपल्याकडे स्वातंत्र्य बघितलेली पिढी आता काठी टेकत चालते. त्यांच्याकडे ती राज्य चालवतेय.

शाळा तीन ठिकाणी झाली, कोफोरिदुआ, अबुरी आणि मग केप कोस्टची वेस्ली गर्ल्स. ही शेवटची शाळा १८३६ ची, मेथडिस्ट मिशनची. १८३६! सावित्रीबाई तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. १९६४ ते १९७१ नानाबाई तिथे शिकल्या. मग केप कोस्ट विद्यापीठातून १९७७ मध्ये इंग्रजी आणि फ्रेंच घेऊन बी. एड. पुढचं फ्रेंच शिकायला सेनेगलमधलं डकार, आणि तिथून कॅनडात टोरोंटोचं यॉर्क विद्यापीठ. १९८० ला एम. ए., १९८६ ला पीएच. डी. आणि मग, ही गोष्ट मला फार आवडली, त्या परत आल्या. त्याच केप कोस्टला, त्याच विद्यापीठात शिकवायला. १९८० च्या दशकात घानाची अवस्था बरी नव्हती. १९८३ मध्ये दुष्काळ, जंगलांना लागलेल्या आगी आणि वर नायजेरियाने हाकलून दिलेली लाखो माणसं परत आलेली. शिकलेले लोक देश सोडून जात होते. अशा वेळी कॅनडातून उलट्या दिशेने येणं म्हणजे पुण्यात नोकरी लागलेली असताना बदली मागून तोरणमाळला जाण्यासारखं. जमतं काही लोकांना. मला नसतं जमलं.

परत आल्यावर विभागप्रमुख, डीन, पदव्युत्तर मुलांच्या होस्टेलची वॉर्डन, असं सगळं पायरी पायरीने. वॉर्डन हे वाचून मला हसू आलं. डी. एड. ला असताना आमच्या होस्टेलच्या वॉर्डनबाई रात्री नऊला कंदिलाएवढी बॅटरी घेऊन फिरायच्या आणि उशीखाली पोळी लपवली तर ती सुद्धा त्यांना दिसायची. ज्या बाईने होस्टेल सांभाळलं, तिला मंत्रिमंडळ काय जड आहे, असं माझं प्रामाणिक मत झालं. २००८ मध्ये नानाबाई त्याच विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. घानाच्या सरकारी विद्यापीठाला लाभलेल्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. २०१२ पर्यंत होत्या.

अभ्यासाचा विषय साहित्य, त्यातही तोंडी परंपरेने आलेलं, बायकांनी सांगितलेलं. आणि गुलामगिरीला लोकांनी केलेला प्रतिकार. किल्ल्याच्या गावची मुलगी त्या विषयाकडे न वळती तरच नवल. माझ्या आईला जात्यावरच्या पन्नाससाठ ओव्या पाठ आहेत, आणि त्यात सासरच्या प्रत्येक माणसाचा हिशेब चुकता केलेला आहे, पण आजवर एकाही प्राध्यापकाने येऊन तिला ‘म्हणा’ म्हटलेलं नाही. त्यामुळे अशा अभ्यासाचं मोल मला जरा जास्तच वाटतं.

आता आईबद्दल सांगते, कारण तिच्यामुळेच मी हे लिहायला बसले.

१९९७ मध्ये आमच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. मी त्याच वर्षी बारावी झाले होते. नानांना राजकारणाचा नाद, पण सोडतीने त्यांची वाट अडवली. त्यांनी एका संध्याकाळी, ताटावर बसल्या बसल्या, आईला सांगितलं, “तू फक्त सही कर, बाकी मी दखी लेसू.” आई निवडून आली. नाना हार घालून गावातून फिरले. आई घरी भाकरी टाकत होती, कारण मिरवणुकीतल्या चाळीस लोकांचं जेवण आमच्याकडेच होतं.

पुढची पाच वर्षं सरपंच आई आणि कारभार नानांचा. शिक्का नानांच्या सदऱ्याच्या खिशात. ग्रामसेवक घरी यायचा, कागद नानांसमोर पसरायचा, नाना बोट ठेवायचे आणि आई पदराला हात पुसून तिथे सही करायची. सहीचं पहिलं अक्षर काढायला तिला फार वेळ लागायचा. सरपंचाचं मानधन किती आहे, हे आईला पाच वर्षांत कळलं नाही. ते नाना घ्यायचे. वाईट माणूस नव्हते हो माझे वडील. दारू नाही, मारझोड नाही, मला शिकवलं. पण तो शिक्का आईच्या हातात द्यावा, असं त्यांच्या मनातही कधी आलं नसेल. एकदाच, पाण्याच्या टाकीच्या एका कोऱ्या ठरावावर आईने सही करायला नकार दिला होता. “आधी लिहा, मग सही.” घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ठराव लिहून आला.

म्हणून घानाची नाना माझ्या डोक्यात बसली. आमच्याकडे बाई निवडून आली आणि राज्य नानाने केलं. तिकडे नाना हीच बाई.

आता त्या रागाबद्दल.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन महामा यांनी नानाबाईंना शिक्षणमंत्री केलं. घानात खासदार नसलेल्या माणसालाही मंत्री करता येतं, त्यामुळे त्या थेट विद्यापीठातून मंत्रालयात गेल्या. जानेवारी २०१७ पर्यंत त्या पदावर होत्या. त्या काळातलं सगळ्यात गाजलेलं, आणि त्यांना सगळ्यात महागात पडलेलं प्रकरण म्हणजे शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींचा भत्ता. तिकडे अध्यापक विद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येकाला सरकार दरमहा पैसे देत असे. तो भत्ता बंद झाला आणि त्याऐवजी विद्यार्थी कर्ज देऊ केलं. मुलं खवळली. पुढच्या सरकारने २०१७ मध्ये भत्ता परत सुरू केला आणि त्याचं श्रेय वाजवून घेतलं. २०२० च्या प्रचारात नानाबाईंवर हीच तोफ पुन्हा डागली गेली, ‘गरीब पोरांचा घास काढून घेतलेली बाई’ अशा थाटात.

हे वाचलं त्या रात्री मी मोबाइल उलटा ठेवून झोपले. कारण मी ती गरीब पोर आहे. धुळ्याला डी. एड. करताना मेसचं बिल भरायला आईने पोत गहाण ठेवली होती. सोडवायला नानांना कापसाचे दोन हंगाम लागले. नंतर २००१ मध्ये मी सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागले. महिना ३००० रुपये, तीन वर्षं. आजच्या पोरांना खोटं वाटतं, पण खरंच तीन हजार. तेही दर महिन्याला हातात पडायचे असं नाही, चार चार महिने एकदम यायचे. किराणा दुकानदार मला ‘बाई’ म्हणायचा आणि वही पुढे करायचा. स्वतः आयुष्यभर शिकवलेल्या बाईने खुर्ची मिळाल्यावर पहिला हात शिकाऊ शिक्षकांच्याच खिशात घालावा? मला ते पटेना.

हा राग मी मावसबहिणीजवळ काढला. फेब्रुवारीत तिच्याकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला गेले होते. ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात रटरटत होता, ती लाकडी पळा फिरवत होती आणि मी सांगत होते. ती सगळं अहिराणीत बोलली, मी इथे सोपं करून लिहिते.

“भत्ता का बंद केला म्हणे?”

मी सांगितलं, की प्रत्येक मुलामागे पैसे द्यायचे म्हणून सरकारने किती मुलं घ्यायची याचा कोटा ठरवलेला होता. विद्यालयात जागा असायची, मुलं पात्र असायची, पण पैशाअभावी परत पाठवायचे. भत्ता काढला तसा कोटाही काढला, मग जास्त मुलांना प्रवेश मिळाला.

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. घाटा वर यायला लागला होता. मग म्हणाली, “मला किती मार्कांनी डी. एड. लागलं नव्हतं, आठवतं ना?”

आठवतं. तीन. मला लागलं आणि तिला लागलं नाही, आमच्यात फरक तीन मार्कांचा होता. त्याच वर्षी मे महिन्यात तिचं लग्न झालं. नवरा चांगला आहे, शेती आहे, तिचे बिबडे जळगावपर्यंत जातात. पण लहानपणी शाळा-शाळा खेळताना बाई नेहमी तीच व्हायची, मी नाही.

“तुझा भत्ता बंद करून माझी सीट निघाली असती,” ती म्हणाली, “तर मी कर्ज काढलं असतं. तुला काय, तुझी सीट होती.”

आणि खाटेवर कपडा ओला करून पसरायला सांगितलं. बिबडे घालायला उशीर झाला की फाटतात.

मी अजूनही भत्त्याच्या बाजूचीच आहे. कर्ज काढून शिकायला सांगणं सोपं असतं. आईच्या गळ्यातली पोत कोणाला गहाण ठेवावी लागते हे मंत्रालयातून दिसत नाही, आणि कोटा उठवायला सरकारला भत्ता कापण्याशिवाय दुसरी वाट सुचली नाही, हे काही कौतुकाचं नाही. पण त्या दिवसापासून नानाबाईंवर रागावताना मावसबहिणीचं ते ‘तुला काय’ कानात येतं. आत बसलेल्यांचा घास आणि दाराबाहेर उभी असलेली माणसं, यातलं एक निवडायची वेळ आली तेव्हा या बाईने बाहेरच्यांकडे बघितलं. आणि आत बसलेली माणसं संघटित असतात, मोर्चा काढतात, मतदान करतात. बाहेर राहिलेल्यांचं मे महिन्यात लग्न होऊन जातं, त्यांचा मोर्चा कोणी बघितलाय?

मंत्रिपद गेल्यावर माणूस सहसा दिसेनासा होतो. नानाबाई झिम्बाब्वेतल्या एका महिला विद्यापीठाच्या कुलपती झाल्या, पुन्हा शिक्षणातच. ६ जुलै २०२० ला महामांनी त्यांना आपल्या जोडीला उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. घानात ही निवड उमेदवारानेच करायची असते, मत दोघांना मिळून एकच पडतं. तिथले दोन मोठे पक्ष आलटून पालटून सत्तेवर येतात, आणि त्या दोघांपैकी कोणीही तोपर्यंत या जागेवर बाई उभी केली नव्हती. वयाच्या ६९ व्या वर्षी त्या हरल्या. महामांना ४७ टक्के, समोरच्याला ५१. संसदेत तर दोन्ही पक्षांचे १३७-१३७ आणि मध्ये एक अपक्ष, आपल्याकडच्या रिसॉर्टवाल्यांना अशा निकालाची स्वप्नं पडत असतील. कोर्टकचेऱ्या झाल्या, निकाल बदलला नाही.

अशा पराभवानंतर खापर कोणावर फुटतं हे आपल्या गावात आपण बघतोच. ‘बाई दिली म्हणून पडलो.’ पण २०२४ मध्ये महामांनी पुन्हा त्यांनाच सोबत घेतलं, आणि ७ डिसेंबरला ५६ टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकले. नानाबाईंमुळे जिंकले असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये घानात महागाई ५४ टक्क्यांवर गेली होती आणि देशाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले होते. बापू तेव्हा सांगायचा, की सकाळी ब्रेडचा भाव विचारायचा आणि संध्याकाळी परत विचारायचा. अशा वेळी सत्तेवरचा माणूस पडतोच. पण पडलेल्या बाईला पुन्हा उभं करणं, हे महागाईने होत नाही. ते कोणीतरी ठरवावं लागतं.

‘उपराष्ट्राध्यक्ष म्हणजे शोभेची’, असं माझ्या शाळेतले एक सर म्हणाले. त्यांना मी एवढंच सांगितलं, की महामा स्वतः उपराष्ट्राध्यक्ष होते. जुलै २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन अट्टा मिल्स वारले आणि त्याच दिवशी महामांनी शपथ घेतली. तिकडे ती खुर्ची एका दाराच्या अंतरावर आहे. सर म्हणाले, “असं होय,” आणि चहा प्यायला गेले.

खरं तर ‘पहिली बाई’ या गोष्टीचं आपल्याला नवल वाटू नये. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या. प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगावातून आमदार झाल्या, नंतर एदलाबादमधून सलग चार वेळा, आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. त्या दिवशी आमच्या शाळेत पेढे वाटले होते. मी तिसरीच्या मुलींना विचारलं, कोणाला राष्ट्रपती व्हायचंय? एकीने हात वर केला आणि विचारलं, “बाई, घरून सोडतील का?” २०२४ च्या लोकसभेत तर खान्देशातल्या चार जागांपैकी तीन, जळगाव, रावेर आणि धुळे, बायकांनी जिंकल्या. देशभरात मात्र ५४३ मध्ये ७४. घानाच्या नव्या संसदेत २७६ मध्ये ४१. म्हणजे त्यांचं आणि आपलं दुखणं एकच, वर एखादी बाई आणि खाली सगळे नाना.

बायकांसाठी राखीव जागांचा प्रयोग घानाने आपल्याआधी केला होता, हे कळल्यावर मला धक्काच बसला. १९६० मध्ये, देश प्रजासत्ताक होत असताना, त्यांनी कायदा करून १० बायकांना संसदेत आणलं. त्यातल्या एक सुझाना अल-हसन. त्या उत्तरेकडच्या, कोरडवाहू, मागास समजल्या जाणाऱ्या भागातून आलेल्या, बोलगाटांगाच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पुढे मंत्री झाल्या. म्हणजे तिथेही सुरुवात मास्तरणीनेच केली. पण त्या १० नंतर राखीव जागांची ती वाट बंद पडली. २०२४ मध्ये त्यांनी नवा कायदा केला, बायकांचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढवून २०३० पर्यंत निम्म्यावर न्यायचा. आपल्याकडे २०२३ मध्ये लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा झाला, तो जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर लागू होणार. ग्रामपंचायतीत महाराष्ट्राने २०११ पासून निम्म्या जागा दिल्या. पण निम्म्या खुर्च्या आणि निम्मे शिक्के यात काय फरक असतो, ते आमच्या आईला विचारा.

हे सगळं मी तुकड्यातुकड्याने आईला सांगत असते. तिला घानाच्या महागाईत रस नाही. कोकोच्या बिया केळीच्या पानांत झाकून आंबवतात, हे मात्र तिला फार आवडलं. आमच्याकडे पान म्हणजे भरीत वाढायला. आणि तिकडेही वांग्याचं कालवण करतात हे ऐकल्यावर तर तिने बापूला खोदून खोदून विचारलं. छोटी, पांढरी वांगी, पाम तेल, टोमॅटो, मिरची, सोबत उकडलेला सुरणासारखा कंद. “भाजत नाहीत?” “नाही मावशी, उकडतात.” आईने मान हलवली. उकडलेल्या वांग्याच्या देशाबद्दल तिचं मत त्या क्षणी जरा खाली गेलं असावं.

पण ७ जानेवारीच्या त्या संध्याकाळची एक गोष्ट सांगायची राहिली. बापूचा कॉल संपत आला होता. बडगीत वांगी, भाजलेला लसूण, हिरव्या मिरच्या पडल्या होत्या, मावसबहीण ठेचत होती, फोडणीचं तेल तापलं होतं. टीव्हीवर नानाबाई कागदांवर सही करत होत्या. बापूने कॅमेरा जवळ नेला. आई मोबाइलवर इतकी वाकली, की तिच्या कपाळाचं कुंकूच तिकडे दिसलं असेल. सही संपेपर्यंत ती बघत राहिली. मग तिने बापूला विचारलं,

“तिना पगार कोन लेस?”

बापूला प्रश्नच कळला नाही. तो हॅलो हॅलो करत राहिला. तेल धुरायला लागलं होतं, म्हणून मी उठले.